शेवटचा रकाना

फॉर्म दिसला की माझ्या तळहातांना आजही घाम येतो. बँकेचा असो, रेशनचा असो, नाहीतर नातवाच्या सहलीचा असो, मी आधी तळवे पदराला पुसते, मग चष्मा पुसते आणि मग सुनेला म्हणते, "तूच भर गं, माझं अक्षर ओळीत राहत नाही." सुनेला वाटतं, सासूबाईंना कंटाळा आहे. तिला काय ठाऊक, की सासूबाईंनी उमेदीची सगळी वर्षं लोकांचे फॉर्म भरण्यातच घालवली, आणि त्या नोकरीत त्या शिरल्या त्याच मुळी एका खोट्या रकान्यातून. हे मी कुणाला सांगितलेलं नाही असं नाही. विडीवाल्या बायकांच्या एका अख्ख्या गल्लीला ते ठाऊक आहे. पण ते पुढे येईल.

मी रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या वाडीतली. आमच्याकडे चौथीपर्यंतची शाळा घरामागे होती आणि पुढची खाडीपलीकडे. सातवीच्या वर्षी गणिताने मला अडवलं, पावसाळ्यात खाडीवरच्या बंद होडीने अडवलं, आणि आईला बाळंतपणानंतर जे दुखणं लागलं त्याने उरलेलं काम केलं. शाळा सुटली ती सुटली. पुढे सोलापूरच्या मावशीचा हात मोडला, तेव्हा "महिनाभर जा, स्वयंपाकाला हात लाव" म्हणून मला एका पत्र्याच्या ट्रंकेसह पाठवण्यात आलं. ट्रंकेत दोन परकर-पोलकी, एक साडी आणि वर्तमानपत्राच्या चार घड्यांत बांधलेले सुके बोंबील. तो महिना अजून संपायचा आहे.

मावशीचा हात प्लास्टरात होता, पण जीभ मोकळी होती. ती खाटेवर बसून हुकूम सोडायची आणि मी चुलीपुढे घाम गाळायची. आयुष्यभर भात खाल्लेल्या मुलीला ज्वारीची भाकरी थापायला लावणं म्हणजे काय, ते ज्याने थापली त्यालाच कळेल. माझी भाकरी एका बाजूने पापड आणि दुसऱ्या बाजूने उशी व्हायची. मोहोळचे काका, म्हणजे मावशीचे यजमान, ती उचलून उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "व्हय गं वासू, ह्यो कुठल्या तालुक्याचा नकाशा हाय?" आणि मग शेंगाचटणीचा मोठा गोळा घेऊन निमूट खायचे. त्यांनी एकदाही पान मागे सारलं नाही. मी बोंबील भाजायला घेतले की ते पायात चपला घालून ओट्यावर जाऊन बसायचे, वास ओसरला की परत यायचे, आणि "झालं का तुमचं कोकण?" एवढंच विचारायचे. माझ्यावर उपकार करणाऱ्यांची यादी लांब आहे. तिच्या सुरुवातीला मी या माणसाचं नाव घालते, जरी पुढच्या सगळ्या घोळाचं मूळही तोच असला तरी.

आमच्या भिंतीला लागून शेजाऱ्यांचे चार यंत्रमाग होते. सकाळी सातला ते सुरू झाले की फडताळातले पेले थरथरायचे. त्या सगळ्या भागातच माणसं ओरडून बोलत, प्रेमानेही आणि रागानेही. परक्याला वाटावं, इथे रोज मारामाऱ्या होतात. खरी गंमत लाईट गेल्यावर. माग एकदम थांबत, पण माणसांचे आवाज थांबत नसत. तोंडातलं वाक्य तितक्याच जोराने पुढे जायचं आणि गल्लीभर पोचायचं. एकदा मावशी काकांना सांगत होती, "तुमच्या बहिणीनं दिलेली साडी मी बोहारणीला घातली, पातेलं आलं त्यावर!" 'बहिणीनं' या शब्दाला लाईट गेली होती, आणि काकांची बहीण ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. पुढचे सहा महिने ते पातेलं आमच्या घरात कुणी वापरलं नाही.

काका महापालिकेच्या जन्ममृत्यू नोंदणीत कारकून होते. जगात येणाऱ्याला आणि जाणाऱ्याला ते सारख्याच नजरेने बघत: रकाने पूर्ण आहेत का? "रकाना रिकामा सोडायचा न्हाय," ते मला सांगत. "रिकामा दिसला की साहेबाला शंका येती. कायबी लिव्ह, पर लिव्ह." मावशीचं प्लास्टर निघालं, माझी परतीची गाडी ठरायची वेळ आली, आणि त्याच आठवड्यात काकांना कुठून तरी कळलं की नवी पेठेतल्या एका संस्थेला घरोघर जाऊन माहिती घेणाऱ्या मुली हव्या आहेत. विडी वळणाऱ्या बायकांच्या स्वास्थ्याचा अभ्यास होता. अट दहावी पास. काकांनी अर्ज आणला, चष्मा लावला आणि नावापासून भरत भरत 'शिक्षण'पाशी आले. माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. "दहावी," असं पुटपुटत त्यांनी सुंदर अक्षरात लिहूनही टाकलं. "कोण बघतंय?"

संस्थेचं ऑफिस एका कापडाच्या दुकानावर, लाकडी जिन्याने वर होतं. तिथे मालतीताई होत्या. समाजकार्याचं रीतसर शिक्षण घेतलेल्या, सुती साडीतल्या, हळू बोलणाऱ्या. रागावल्या की आणखी हळू बोलत, त्यामुळे ओरडणाऱ्या गल्लीतून गेलेली मी त्यांना जास्तच घाबरायची. त्यांनी माझ्या हातात फॉर्मांचा गठ्ठा दिला आणि एक वही. म्हणाल्या, "फॉर्म लोकांबद्दल आहे, ही वही तुझ्याबद्दल. रोज संध्याकाळी लिहायचं. आज काय पाहिलं, काय वाटलं, कुठे चुकलं. आपण दुसऱ्यांच्या घरात डोकावतो, तर थोडं आपल्यातही डोकावायला नको?" तिला त्या चिंतनवही म्हणत. आता समाजकार्याच्या कॉलेजात मुलांना याच गोष्टीवर अख्खा पेपर असतो. कधीमधी ती मुलं मला बोलायला बोलावतात, आणि मी फुलांचा गुच्छ मांडीवर घेऊन घाबरत बसते, की आता कुणीतरी माझं शिक्षण विचारणार.

वहीत मी पहिल्या संध्याकाळी लिहिलं: "आज खूप शिकायला मिळाले." ताईंनी लाल पेनाने खाली लिहिलं: "काय?" मला वाटलं, वाक्य पसंत पडलं असावं, म्हणून दुसऱ्या दिवशीही तेच लिहिलं. "काय?" तिसऱ्या दिवशी तेच. हळूहळू त्यांचा 'काय' मोठा होत गेला आणि माझं अक्षर बारीक. पण मी काय लिहिणार होते? की दार ठोठावण्याआधी मी मनात रामरक्षा म्हणते? की अजून मला 'लई' आणि 'खूप' यातला फरक कळत नाही? तिकडे आईने वाडीभर सांगून ठेवलं होतं, "आमची वासंती सोलापुरात संशोधन करते." पोस्टमनकडून पत्र लिहवून तिने विचारलं होतं, कसला शोध लागला ते कळव. ते पत्र मी पोलक्यात घालून हिंडायची. ही नोकरी गेली तर त्या वाडीत मी कुठलं तोंड घेऊन जाणार होते?

माझ्या वाट्याला आलेली गल्ली तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरांची. पुरुष मागावर, बायका उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या. ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, पत्र्याचा चौकोनी तुकडा ठेवून कात्रीने कापलेली, त्यात चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोऱ्याची गाठ. पापणी लवेपर्यंत एक विडी तयार. त्या सगळ्यांची म्होरकी अंबक्का. साठीची, दोऱ्याने बांधलेला चष्मा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती मला बघताच हाक मारी, "रा पिल्ला, कूर्चो." म्हणजे ये पोरी, बस. आणि पुढ्यात काहीतरी यायचं. कधी कडक भाकरीचा तुकडा, कधी वाटीभर पच्चीपुलुसू, ते चिंचेचं कच्चं सार. पहिल्या घोटालाच मला आमच्या सोलकढीची आठवण झाली आणि डोळे भरले. "तिखट लागलं हिला," म्हणून सगळ्या हसल्या. मी तसंच समजू दिलं.

काम झपाट्याने होऊ लागलं. पहिला दिवस सोडला तर एकही बाई अडली नाही. दुपारी विश्रांती मिळते का? मिळते, अर्धा तास. पोटभर जेवता का? जेवतो. नवरा हात उगारतो का? न्हाय. मन मोकळं करायला कुणी आहे का? हाय, मैत्रीण. मी खूण करायची, अंबक्का पुढच्या घरी घेऊन जायची. आणि शेवटचा प्रश्न होता: 'आपल्याला आम्हाला काही विचारायचे आहे का?' त्या रकान्यापाशी येईतो जेवणवेळ होत असे. शिवाय मनात धाकधूक, की कुणी खरंच काही विचारलं तर? मला काय उत्तर देता येणार होतं? काकांचा नियम आठवून मी सकाळी घरून निघतानाच सगळ्या कोऱ्या फॉर्मांवर तिथे 'नाही' लिहून ठेवायची. रकाना रिकामा नको.

चाळीस फॉर्म झाले तेव्हा मालतीताईंनी मला बोलावलं. टेबलावर गठ्ठा दोन्ही बाजूंना पसरला होता. त्या इतक्या हळू बोलल्या की मला पुढे वाकावं लागलं. "वासंती, चाळीस बायका. दिवसभर विड्या, घरात पोरं, सासूसासरे. आणि चाळीसही जणींना दुपारी बरोबर अर्धा तास विश्रांती?" त्यांनी पुढचा फॉर्म उलटला. "चाळीस जणींना एकेक मैत्रीण. एकीला दोन नाहीत, एकीला शून्य नाही. आणि चाळीस जणींना आपल्याला विचारण्यासारखं काही म्हणता काहीच नाही. हे तू झाडाखाली बसून भरलेस का?" मी म्हटलं, "देवाशपथ नाही, ताई." त्या म्हणाल्या, "उद्या मी येते तुझ्याबरोबर. खोटं निघालं तर परवापासून येऊ नकोस." त्या रात्रीची भाकरी मी दोन्ही बाजूंनी जाळली, आणि काकांनी नकाशाचा विनोदसुद्धा केला नाही.

दुसऱ्या दिवशी अंबक्काच्या दारात नवी चादर अंथरली गेली. घरामागचा मागांचा कारखाना धडधडत होता. ताई बसल्या, त्यांनी फॉर्म काढला आणि नागमणीला, म्हणजे अंबक्काच्या शेजारघरच्या तरण्या सुनेला, विचारलं, "दुपारी विश्रांती..." "मिळते, अर्धा तास!" तिघी एकदम. "मन मोकळं..." "हाय, मैत्रीण!" आता पाच जणी. शाळेतली पाढ्यांची रांग असावी तशा. एकीने तर न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही देऊन टाकलं, "पोटभर!" मालतीताईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "हे तू पढवलंस?"

"ती काय पढवती!" अंबक्का सुपातून मान वर न काढता ओरडली. "आमीच ठरवलं. पयल्या दिवशी नागमणी खरं बोलली, कसली इश्रांती म्हणून. तर ह्या पोरीचा चेहरा असा झाला! हातातनं पेन पडलं. म्हणती, 'मग मी काय लिहू?' म्हटलं, कोण कुटल्या मुलखातलं लेकरू, हिची नोकरी जाईल. हितं 'मिळते' म्हटलं की हसती, 'न्हाय' म्हटलं की रडकुंडीला येती. मग आमी गल्लीत सांगून ठेवलं, पोरीला त्रास द्यायचा न्हाय." ताईंचं तोंड उघडंच राहिलं. मी चादरीचे रंग मोजत होते. अंबक्का पुढे म्हणाली, "आनि दुसरं. नवरा मारतो का, हे ही माग चालू असताना वरडून इचारती. ताई, तुमी सांगा, त्याचं उत्तर बी वरडूनच द्यायचं का? तो आत बसलाय की!"

ताईंनी पेन उचलून त्या प्रश्नाभोवती गोल केला. मग त्यांनी शेवटचं पान उलटलं. "आणि हा प्रश्न? तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे का, असं हिने विचारलं होतं?" अंबक्काने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. माझं उत्तर माझ्या चेहऱ्यावर होतं, नेहमीसारखं. "इचारलं की!" ती म्हणाली. "येका येकीला इचारलं." माझ्यासाठी ती बाई सरळ खोटं बोलली. "मग तुम्ही काय सांगितलंत?" "न्हाय म्हटलं." "आणि आता विचारलं तर?"

अंबक्काचे हात थांबले. इतक्या दिवसांत मी ते हात थांबलेले पाहिले नव्हते. "आता हाय," ती म्हणाली. "मला हिला इचारायचं हाय. ही आमच्या चुलीपातूर आली. पर ही कोण, आमाला काय म्हाईत? बस पिल्ला, समोर." आणि तिने सूप बाजूला सारून फॉर्म सुरू केला. कागद हातात न घेता. तिला अक्षर येत नव्हतं, पण चाळीस घरी माझ्याबरोबर बसून सगळे प्रश्न ओळीने पाठ झाले होते. "नाव?" वासंती. "वय?" एकोणीस. "गाव?" सांगितलं. "शिक्षण?"

शेजारी मालतीताई होत्या. त्यांच्या कपाटात काकांच्या सुंदर अक्षरातली दहावी होती. ते अक्षर ताईंनी वाचलेलं होतं, आणि आता उत्तर माझ्याच तोंडून येणार होतं. मी तोंड उघडलं आणि मला आठवलं, चाळीस फॉर्मांत नाव-वय सोडलं तर हा एकच रकाना असा होता, ज्यात सगळ्यांची उत्तरं वेगळी होती. कुणी दुसरी, कुणी चौथी, आणि अंबक्का मान ताठ ठेवून म्हणाली होती, "शाळा बघितलीच न्हाय." माझी दया येऊन त्यांनी सगळं बदललं, पण हे बदललं नाही. "सातवी," मी म्हटलं. "आं?" अंबक्काने कानाला हात लावला. "सातवी!" "आयकू येईना, मागाचा आवाज हाय!" मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी डोळे मिटले आणि पोटातून ओरडले, "सातवी! तीही नापास!"

'तीही'ला लाईट गेली.

'नापास' एकटंच निघालं आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना जाऊन आदळलं. तारेवरचे कावळे उडाले. कुठल्याशा गच्चीवरून पुरुषाचा आवाज आला, "कोन नापास झालं रं?" इकडे कुणी हसेना. मालतीताई माझ्याकडे बघत होत्या. आणि त्या चिडीचूप शांततेत अंबक्काने अगदी हळू, कारकुनाच्या निर्विकारपणे, पुढचा रकाना घेतला: "लगीन?" मग मात्र ज्या हसल्या बायका! नागमणीच्या सुपातली तंबाखू उडाली आणि सगळ्या शिंकायला लागल्या. ताईसुद्धा पदर नाकाला लावून. हसता हसता अंबक्का शेवटाकडे आली, "मन मोकळं कराया कुणी हाय का?" मी म्हटलं, "हाय, मैत्रीण." "ए, खोटं बोलू नको! ते उत्तर आमी बनवलंया!" आणि तिथे मी रडले. तिखट लागलं म्हणायला समोर काही नव्हतं.

त्या दिवशी लाईट दोन तास आली नाही. आत बसलेले पुरुष कंटाळून चौकात गेले. ओरडायची गरज नव्हती, तेव्हा पहिल्यांदा त्या बायका माझ्याशी साध्या आवाजात बोलल्या. एकीने विचारलं, "हे कागद जात्यात कुटं? गेल्या साली बी एक पोरगी इचारून गेली, मग काय झालं त्याचं?" मालतीताईंना याचं उत्तर देता आलं नाही, आणि त्यांनी तसं सांगितलं. दुसरीने त्यांनाच विचारलं, "तुमच्या घरात भांडी कोण घासतं, ताई?" ताईंनी तेही खरं सांगितलं. नागमणी पानं कापता कापता कात्रीकडे बघून बरंच काही बोलली. मी तिच्या बाजूला बसून पानं पुसून देत होते. ती काय बोलली ते ताईंनी लिहून घेतलं नाही. मीही इथे लिहिणार नाही. तिने ते कागदासाठी सांगितलं नव्हतं. हल्ली मुली हातात पाटीसारखं यंत्र घेऊन येतात. मागच्या महिन्यात एक आमच्याही दारी आली होती. म्हणाली, "आजी, सगळं भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही." मला वाटलं, काकांचा आत्मा शिरला असणार त्यात. मी तिला आधी पाणी दिलं आणि तिचं गाव विचारलं.

परतताना ताई चालतच निघाल्या, मी दोन पावलं मागे. नवी पेठेतली गर्दी लागली, रिक्षा अंगावर आल्या, तरी त्यांची चाल मंदावली नाही. शेवटी ऑफिसच्या जिन्याखाली थांबल्या. "तुझा फॉर्म अर्धवट राहिला," त्या म्हणाल्या. "शेवटचा प्रश्न अंबक्का विसरली. तुला आम्हाला काही विचारायचं आहे का?" कापडाच्या दुकानातला माणूस ठाण उलगडून दाखवत होता, आणि मला दिसत होतं की त्याचा एक कान आमच्याकडे आहे. मी विचारलं, "उद्या येऊ का?"

ताई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. "आज काय झालं ते वहीत लिही. मग बघते."

मी अकरा पानं लिहिली. कोरे फॉर्म आणि आधीच लिहिलेला 'नाही', सोलकढी, रामरक्षा, आईचं पत्र, दहावीचा रकाना, सगळं. अर्जात खोटं भरलं म्हणून काका अडकतील या भीतीने त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "माझं नाव राहू दे. रकाना माझ्याच हातचा हाय." सकाळी ताईंनी ती अकरा पानं माझ्यासमोर वाचली आणि तोवर मी खिडकीचे गज चार वेळा मोजले. मग त्यांनी कपाटातून माझा अर्ज काढला, दहावीवर एक रेघ मारून 'सातवी' लिहिलं आणि बाजूला माझी सही घेतली. वहीच्या शेवटच्या ओळीखाली लाल पेनाने काहीतरी खरडलं आणि वही मिटून हातात दिली. तिथे उघडायचा धीर झाला नाही. जिना उतरून खाली आले, तळवे पदराला पुसले आणि पान काढलं. इतके दिवस 'काय?' असायचं तिथे आज दुसराच शब्द होता: "मग?"

वही पिशवीत टाकली. मी फॉर्मांचा गठ्ठा दुकानदाराच्या गल्ल्यावर ठेवायला दिला आणि मोकळ्या हातांनी अंबक्काच्या गल्लीकडे निघाले.